राक्षसापेक्षा जंगलावर खर्च करा

जंगलात घडणारे, थोड्या पैशांत केलेले राक्षसपट मी अनेक वर्षे आवडीने पाहत आले आहे. त्यांच्याविषयी आपल्याकडे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते : राक्षस जितका कमी दाखवाल, तितकी भीती जास्त. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. राक्षस अजिबात न दाखवणाऱ्या कंटाळवाण्या चित्रपटांचीही काही कमतरता नाही. त्यांत चार माणसे टॉर्च घेऊन दीड तास झाडांमधून पळत राहतात आणि ती कुठून कुठे चालली आहेत याचा शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. माझे म्हणणे असे आहे की प्रेक्षकाला जागा ठाऊक झाल्याशिवाय भीती उभीच राहत नाही. ओढा कुठल्या अंगाला आहे, गाडी कुठे लावली आहे, सर्वांत जवळची वस्ती किती लांब आहे, हे एकदा मनात पक्के बसले की मग नुसते झुडूप हलले तरी पुरते.

जंगलातल्या चेटकिणीच्या शोधात निघालेल्या तीन तरुण विद्यार्थ्यांची गोष्ट सांगणाऱ्या, १९९९ साली प्रदर्शित झालेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’विषयी बोलताना लोक बहुतेक वेळा त्याच्या कमाईवर येऊन थांबतात. डॅनिएल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी मेरीलँडच्या जंगलात, नटांच्याच हाती कॅमेरे देऊन, जेमतेम आठवडाभरात चित्रीकरण उरकले आणि त्या चित्रपटाने जगभरात २४ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला, ही गोष्ट खरीच आहे. दिग्दर्शक नटांना पुढच्या ठिकाणापर्यंत जीपीएसच्या मदतीने पोहोचायला लावत, सूचनांच्या चिठ्ठ्या फिल्मच्या डब्यांत ठेवून देत, जेवण दिवसेंदिवस कमी करत आणि रात्री बाहेरून तंबू गदागदा हलवत. परंतु या साऱ्या युक्त्यांपेक्षा मला त्यातला एक साधा प्रसंग मोठा वाटतो. नकाशा गमावलेली ती तीन मुले दिवसभर होकायंत्र पाहून दक्षिणेकडे चालत राहतात आणि शेवटी ओढ्यावर आडव्या पडलेल्या, आधी ओलांडलेल्या त्याच ओंडक्यापाशी येऊन पोहोचतात. पडद्यावर राक्षस नाही, रक्त नाही, किंकाळीसुद्धा नाही, फक्त एक ओळखीचे लाकूड आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या कोणत्याही गावात हा प्रसंग सांगा, ऐकणारा लगेच म्हणेल की पोरांना चकवा लागला. रात्री बांधावरून निघालेला माणूस उजाडेपर्यंत त्याच शेताभोवती फिरत राहतो, ही कथा आपल्या आजीआजोबांनी आपल्याला फुकट दिलेली आहे, आणि तिच्यासाठी मेकअपचा एक रुपयाही लागत नाही.

सॅम रेमी यांच्या ‘द ईव्हिल डेड’मध्ये (१९८१) जागा पक्की करण्याचे काम एक पूल करतो. टेनेसीच्या रानातल्या झोपडीकडे जाताना तो आपण पाहतो. पुढे पळून जाण्याच्या आशेने पात्रे तिथे परततात तेव्हा तो उद्ध्वस्त झालेला असतो, आणि त्या क्षणापासून झोपडी, अंगण आणि भोवतालची झाडे एवढेच जग उरते. रानातून सरसरत येणारी जी अदृश्य शक्ती आहे, तिचा खर्च किती असावा? कॅमेरा एका लाकडी फळीवर घट्ट बसवला, फळीची दोन टोके दोघांनी धरली आणि जमिनीलगत ठेवून ते जिवाच्या आकांताने धावले. पालापाचोळ्यावरून, पडलेल्या खोडांवरून उसळत येणारी ती नजर म्हणजेच राक्षस.

आपल्याकडे हिंदी भयपट करणाऱ्या रामसे बंधूंची आठवण आदरानेच काढायला हवी. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरात अत्यंत काटकसरीने चित्रित केला. पुढे ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) अनिरुद्ध अग्रवाल यांनी साकारलेला सामरी हा राक्षस आजही अंगावर येतो, कारण तो उंचापुरा देह नटांसमोर खरोखर उभा आहे, त्याची सावली भिंतीवर पडते आणि त्याला वजन आहे. आजच्या स्वस्त संगणकी राक्षसांना नेमके हेच नसते. त्यांच्या पायाखाली गवत दबत नाही, चिखलात ठसा उमटत नाही, अंगावरून पाणी निथळत नाही. पैसे कमी असतील तर रबराचा मुखवटा घ्यावा, पण गवत दबले पाहिजे, या मताशी मी ठाम आहे. मात्र रामसेंच्या चित्रपटांत रान म्हणजे धुराचे लोट आणि निळा उजेड एवढेच राहिले, आणि दुर्दैवाने आपण त्यांच्याकडून नेमके तेवढेच उचलले.

आवाजाच्या बाबतीत तर आपले दुर्लक्ष अक्षम्य आहे. ‘विलो क्रीक’ (२०१३) या बिगफूटवरच्या, म्हणजे अमेरिकी दंतकथांतल्या केसाळ वानरमानवावरच्या, छोट्याशा चित्रपटात कॅमेरा तंबूत दोन माणसांसमोर पंधरा मिनिटांहून अधिक काळ न हलता चालू राहतो. बाहेर लाकडावर ठोके पडतात, काहीतरी कण्हते, जवळ येते, थांबते. आपण फक्त दोन चेहरे पाहत असतो. याउलट आपल्या चित्रपटांत गोष्ट कोकणातली असो की मेळघाटातली, रात्र झाली की तीच रातकिड्यांची किरकिर आणि तेच घुबड ठेवून दिलेले असते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या एखाद्याने वेल्ह्याकडच्या रानात एक रात्र बसून पाहावे. रातवा पक्ष्याची एकसुरी साद, भेकराचे कुत्र्यासारखे अचानक भुंकणे आणि त्यानंतर पसरणारी शांतता जशीच्या तशी वापरली, तरी पार्श्वसंगीताची निम्मी गरज उरणार नाही.

मराठी मातीतली भीती जागेत रुजवली की काय होते, ते राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) दाखवून दिले आहे. तो जंगलपट नव्हे आणि तुटपुंज्या पैशांतलाही नव्हे, पण तिथला पाऊस खरा आहे, त्यासाठी अनेक पावसाळे थांबण्याची तयारी होती, आणि पिठाचे रिंगण, कणकेची बाहुली, सोन्यासाठी राक्षसाकडे खाली उतरण्याचा दोर हे सारे नियम आपल्याला पाठ होतात. म्हणूनच नियम मोडला की पोटात गोळा येतो. या चित्रपटाच्या मुळाशी आपल्या पुण्याच्या नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पुण्याहून पहाटे निघालेले युनिट सकाळच्या चहाला ताम्हिणीत पोहोचते. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीविना चित्रीकरण करता येत नाही आणि ते योग्यच आहे, पण त्याबाहेरही खासगी माळ, पडके वाडे आणि उसाचे फड आहेत. मुळशी, भोर, वेल्हे या भागांत देवराया आहेत, जिथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही असा दंडक पिढ्यानपिढ्या पाळला गेला. राक्षसपटाला लागणारा नियम तिथे आयता उभा आहे. मात्र तिथे पाऊल टाकण्याआधी गावकऱ्यांशी बोलावे, त्यांची संमती घ्यावी, आणि तो दंडक चित्रीकरणातही पाळावा.

एका गोष्टीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे, आणि ती म्हणजे बिबट्याला राक्षस करणे. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात मादी उसात पिले घालते, ऊसतोडीच्या वेळी ती पिले मजुरांसमोर येतात. तिथे माणसांचे जीव गेले आहेत, आणि पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात दिवस काढत आहेत. माणसे खाणाऱ्या शार्कची ‘जॉज’ ही कादंबरी लिहिणाऱ्या पीटर बेंचली यांनी उरलेल्या आयुष्यातील बराच काळ शार्कच्या संरक्षणासाठी वेचला, कारण आपल्या गोष्टीने त्या माशाचे काय झाले हे त्यांनी पाहिले होते. आपल्याकडे वेताळ आहे, हडळ आहे, मुंजा आहे, चकवा आहे. ज्यांना पिंजऱ्यात घालता येत नाही आणि ज्यांच्यावर कोणी विषप्रयोग करू शकत नाही, अशांनाच पडद्यावर आणावे, एवढी विनंती मी हे चित्रपट करू पाहणाऱ्या प्रत्येक तरुण मुलामुलीला करते.