मंद्र पंचम लागेना

आम्ही पाच जण: दोन ट्रम्पेट, एक फ्रेंच हॉर्न, एक ट्रॉम्बोन आणि मी. मी ट्युबावाला, म्हणजे सगळ्यांत मोठं, सगळ्यांत खालच्या सुरांचं पितळी वाद्य माझं. सोलापुरात मात्र वरातीतल्या बँडकृपेने 'भोंगावाला'.

माझा जुना भोंगा बी-फ्लॅट सुराचा, उलगडला तर अठरा फूट नळी. मैदानात ठीक. पण आमची तालीम साखर पेठेतल्या दहा बाय बाराच्या माडीवर. मी फुंकलं की ट्रम्पेटवाल्याच्या बशीतला चहा थरथरायचा. "काय बे, आम्ही बी वाजवायलोय की!" हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर एफ ट्युबा, म्हणजे एफ सुराचा छोटा भोंगा, घ्यायचं ठरलं. नळी बारा फूट, आवाज सडसडीत, वरच्या सुरांत पळायला मोकळा.

बायकोला म्हटलं, "1835 साली बर्लिनमध्ये विप्रेख्त आणि मोरित्झ यांनी पहिल्या ट्युबाचं पेटंट घेतलं, तोही एफचाच होता. घराणं जुनं आहे."

"केवढ्याला?"

घराण्याचा विषय तिथेच संपला.

एफ ट्युबाची एक खोड आहे. एफला षड्ज धरला तर खालचा पंचम, म्हणजे सी, बऱ्याच वाद्यांत नीट लागतच नाही. आणि पाच जणांत खालची बाजू एकट्या माझी! म्हणून पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेलो आणि तिथे दुकानात दिवसभर तो एकच सूर फुंकत बसलो. पहिला ट्युबा छोटा, वरती लोण्यासारखा. पंचमाला सर्दी झाल्यासारखा. दुसऱ्याचा पंचम दणदणीत, पण धूड एवढं की मग जुन्यानं काय घोडं मारलं होतं? तिसरा सेकंडहँड, पाच व्हॉल्व्हचा. त्याचा पंचम कधी लागे, कधी नुसती हवा. दुकानदार म्हणाला, "सवय झाली की लागतो." माझ्या लग्नाच्या वेळी मामाही हेच म्हणाले होते. घेतला.

परतीच्या गाडीत चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला. समोरच्या आजोबांनी कुर्डुवाडीपर्यंत दम धरला, मग विचारलंच, "ट्रॅक्टरचा सायलेन्सर का?"

"वाद्य आहे."

"वाजवा की मग."

वाजवलं. नेमका पंचम फुसका गेला. आजोबांनी शांतपणे शेंगाचटणीचा डबा माझ्यापुढे सरकवला. "खावा. पोट साफ ठेवावं."

मग आला मे महिना. माडीवर पत्रा, पारा बेचाळीसवर. नळीतली हवा तापली की सूर वर चढतो. सूर उतरवायला ट्यूनिंगची नळी इतकी बाहेर ओढलीय की आता आणखी ओढली तर हातातच येईल. बाकी वाद्य गुणी. ट्रॉम्बोनच्या जोडीला मऊ बोलतं, हॉर्नला झाकत नाही, बशीतला चहाही स्थिर असतो.

पंचम मात्र चारात तीनदाच लागतो. चौथ्यांदा ट्रॉम्बोनवाला हळूच तो सूर वाजवून देतो. त्याच्या ट्रॉम्बोनला एफचीच जादा नळी आहे, म्हणून तो तेवढा खाली उतरतो. मी तेवढ्यापुरते गाल फुगवतो.