परदेशी हात ओळखायची मर्दानी पद्धत

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी फक्त एवढंच विचारलं की कमिटीत बायकांसाठी दोन राखीव जागा आहेत, त्यावर निवडून आलेल्या दोघी मीटिंगला कधी दिसत का नाहीत, सह्या त्यांच्या आणि खुर्चीत त्यांचे नवरे हे कसं काय. रीडेव्हलपमेंट चालू आहे, सही करणारीला निदान कागद तरी वाचू द्या! तर मागच्या रांगेतून एक काका उठले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, हे विचार तुमचे नाहीत. हे बाहेरून येतात. फेमिनिझमला त्या अमेरिकन अब्जाधीश सोरोसचं फंडिंग आहे, त्यांना घरं फोडून इथलं सरकार पाडायचंय." टाळ्या पडल्या हो. मुलुंड पूर्वेत. सोरोससाहेब, तुमचा आलेला पैसा मला सापडत नाहीये, तेवढा मेंटेनन्स तरी गूगल पे करून टाका.

तर त्याच काकांपासून प्रेरणा घेऊन, घरबसल्या पुरुषहक्कवाले आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ कसं व्हायचं याचं हे फुकट मार्गदर्शन. वही घ्या.

सगळ्यात आधी आपल्यावर अन्याय झालाय हे ठरवून टाका. कसला ते मागाहून बघू. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, लाडक्या बहिणीचे पंधराशे आहेत, काहीच नाही मिळालं तर १९९२ साली चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हापासूनचा राग काढा. या योजना आणणाऱ्यांना मत आपणच दिलं होतं, हा तपशील गाळायचा.

४९८-अ, म्हणजे सासरच्या छळाचं कलम, तोंडपाठ पाहिजे. म्हणजे नंबर. ते कलम आता न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय, आणि तक्रार आली की लगेच उचलून आत टाकायचं नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच अर्नेश कुमार केसमध्ये पोलिसांना बजावलंय, हे कोणी मध्येच सांगायला लागलं तर "तुम्ही त्यांच्याच ना" म्हणा.

संभाजीनगरकडे पत्नीपीडित मंडळी वटपौर्णिमेच्या आधी पिंपळाला फेऱ्या मारतात, मुंबईत पिंपळ पार्किंगमध्ये गेला, तुम्ही पिलरला मारा.

आता मुख्य धडा, परदेशी हात. नियम सोपा आहे. हात तिकडून इकडे आला की कारस्थान, इकडून तिकडे गेला की मुत्सद्देगिरी. सप्टेंबर २०१९ ला ह्यूस्टनमध्ये आपल्या पंतप्रधानांनी ट्रम्पना शेजारी घेऊन "अब की बार ट्रम्प सरकार" म्हटलं तेव्हा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. (तो म्हणे जुन्या घोषणेचा उल्लेख होता, असं नंतर परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं. बरं.) मग फेब्रुवारी २०२५ ला तेच ट्रम्प म्हणाले की भारतात मतदान वाढवायला २ कोटी १० लाख डॉलर जात होते, दुसऱ्याच कोणालातरी निवडून आणायचं असणार, की त्यावर महिनाभर उड्या मारायच्या. ऑगस्टमध्ये आपल्याच सरकारने अमेरिकन दूतावासाच्या हवाल्याने राज्यसभेत सांगितलं की असा काही पैसा भारतासाठी आलाच नव्हता. तो कागद ग्रुपवर टाकायचा नाही. फोटो नीट येत नाही त्याचा.

आणि कृपा करून त्या डोव्ह लेव्हिनचं नाव काढू नका. त्या संशोधकाने १९४६ ते २००० मधले हिशोब मांडलेत, दुसऱ्यांच्या निवडणुकीत अमेरिकेने ८१ वेळा आणि रशियाने ३६ वेळा हात घातला म्हणे. एकूण ११७. एवढ्यांत फेमिनिस्ट आघाडीचं खातं कुठे आढळत नाही, म्हणजे संशोधन विकलेलं.

पुढचा धडा जरा लांब आहे, पाणी पिऊन या.

बाहेरच्या सरकारला तुमचं डोकं वापरायचं असेल तर ते तुमच्याकडे कशावरून येणार? तुमच्या रागावरून येणार, दुसरं काय. मे २०१६ ला ह्यूस्टनमध्ये (परत ह्यूस्टन, काय ग्रह आहेत त्या गावाचे) एका इस्लामिक सेंटरबाहेर दोन मोर्चे समोरासमोर उभे राहिले, एक मुस्लिमविरोधी आणि एक मुस्लिमांच्या बाजूचा, आणि दोन्हीची फेसबुक पेजेस रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एकाच ऑफिसातून चालत होती. खर्च साधारण दोनशे डॉलर. अमेरिकेत २०१७ चा बायकांचा मोर्चा निघाल्यावर त्याच ऑफिसातली पगारी माणसं कधी नाराज गोऱ्या बाईच्या, कधी नाराज काळ्या बाईच्या नावाने पोस्टी लिहीत बसली, आपसात लागावं म्हणून. म्हणजे बघा, परदेशी हात खराच असतो, काकांचं अर्धं बरोबरच आहे. फक्त तो हात कोणाच्या खिशात असतो ते चुकलं.

कारण जर्मनीत बघा. तिथल्या कट्टर उजव्या एएफडी पक्षाचे माक्सिमिलियान क्राह टिकटॉकवर येऊन पोरांना सांगत होते की खरा पुरुष उजवाच असतो, ग्रीन पार्टीला मत देऊ नको, मग गर्लफ्रेंडचं पण जमेल. म्हणजे लग्नाचं स्थळ आणि मतपत्रिका एकाच काउंटरवर. आता काकांच्या थिअरीप्रमाणे परदेशी हात कोणाच्या ऑफिसात सापडायला पाहिजे? एखाद्या फेमिनिस्ट बाईच्या ना? एप्रिल २०२४ ला ह्याच साहेबांच्या ऑफिसातला माणूस चीनसाठी हेरगिरी केली म्हणून धरला आणि पुढच्या वर्षी त्याला शिक्षा झाली! मर्दानगीची शिकवणी चालू होती आणि मागच्या टेबलावरून कागद बीजिंगला चालले होते. यावर एक फॉरवर्ड? एक? आमच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल आलं.

दक्षिण कोरिया तर विचारूच नका. २०२२ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत युन सुक-योल यांनी स्त्री-पुरुष समानता मंत्रालयच बंद करतो म्हणून चिडलेल्या तरुण पोरांची मतं घेतली, एका टक्क्याच्या आत निवडून आले. मंत्रालय राहिलं. ३ डिसेंबर २०२४ ला यांनी मार्शल लॉ लावला, सैनिक थेट निवडणूक आयोगाच्या ऑफिसात घुसवले आणि कारण काय दिलं, तर उत्तर कोरियाचे हॅकर. परदेशी हात! एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने त्यांनाच पदावरून काढलं. त्या पोरांना काय मिळालं? नोकरी? घर? सक्तीची लष्करी सेवा कमी झाली? काही नाही. मत घेतलं आणि टांगलं.

आणि तो अँड्र्यू टेट, पोरांना मर्दानगी शिकवणारा इन्फ्लुएन्सर. बायकांच्या तस्करीचे आरोप, रोमानियात केस, आणि ट्रम्प सरकारच्या खास दूताने म्युनिकमध्ये रोमानियाच्या परराष्ट्रमंत्र्याकडे त्याचा विषय काढला, हे त्या मंत्र्यानेच मान्य केलंय. फेब्रुवारी २०२५ संपायच्या आत टेट फ्लोरिडात उतरला. दुसऱ्या देशाच्या कारभारात सरकार नाक खुपसतं ते असं, राजरोस. आमच्या बिल्डिंगमधली अकरावीतली पोरं त्याचे रील बघून आयांना उलट बोलतात आणि बाप लोक म्हणतात पोरगं स्मार्ट झालं.

बास झालं आता मार्गदर्शन.

२०२२ मध्ये या देशात १,२२,७२४ पुरुषांनी आत्महत्या केली, सरकारी आकडा आहे. बायकांच्या अडीच पट. कर्ज, आजार, घरातली भांडणं, दारू, कारणं सगळी तिथेच छापलेली आहेत. त्यातल्या एका कारणावर बोला ना. १९ नोव्हेंबरला पुरुष दिनाचा स्टेटस ठेवता, वर्षभरात कधी एखाद्या मित्राला विचारलंत, बाबा झोप लागते का? माझ्या मावसभावाची घटस्फोटाची केस चालू आहे, त्याच्यावर खरंच अन्याय झालाय, मी बाई असून सांगते. तो बिचारा प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल आणि डबा घेऊन कोर्टाच्या बाकावर बसलेला असतो, तारखेला हाफ डे टाकून त्याच्याबरोबर जायला या पुरुषहक्कवाल्यांतला कोणी तयार नाही. वकिलाची फी कमी पडली म्हणून त्याने ग्रुपवर विचारलं तर काय पाठवलं माहितीये? टेटचा व्हिडिओ. लाज वाटते का रे? पुरुषांची काळजी असती तर तारखेच्या दिवशी कोर्टात तुमच्यातलं कोणीतरी आलं असतं.