आग विझली की कोळसा वाढवा? आधी हवा बघा

थंडी पडू लागली की आमच्याकडच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप हमखास फिरतो. आमच्याकडे म्हणजे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्येला, स्क्रँटन, विल्क्स-बॅरी, हेझलटनच्या पट्ट्यात. अँथ्रासाइट, म्हणजे कठीण, जवळजवळ धूर न करणारा कोळसा, इथल्याच खाणींतला, त्यामुळे जुन्या घरांच्या तळघरात अजूनही आपोआप कोळसा सरकवणारी शेगडी असते. तिला इथे स्टोकर म्हणतात. निरोप असा: ‘स्टोकर विझत असेल तर फीड (कोळसा सरकवण्याचा वेग) वाढवा. कोळसा कुठलाही चालतो. अँथ्रासाइटला धूर नसतो, म्हणून गॅसची भीती नाही आणि चिमणी साफ करायची गरज नाही.’

फीडचा सल्ला मी स्वतः अमलात आणलेला आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री आग मंदावली आणि मी फीडचा स्क्रू दोन आटे फिरवून झोपलो. सकाळी राखेचा डबा ओढला तर राखेत लालबुंद निखारे, आणि त्यांच्यात न जळलेले काळे खडे. जाळीवर मात्र आग जेमतेम मूठभर उरलेली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते शब्दशः.

असं का झालं? हॉपरमधून, म्हणजे वरच्या साठवणीच्या पेटीतून, कोळसा खाली उतरतो, एक ठोकळा तो थोडाथोडा जाळीवर ढकलतो, जाळीच्या भोकांतून पंखा खालून हवा मारतो, आणि जळून झालेली राख पुढच्या कडेवरून डब्यात पडते. हवा तेवढीच ठेवून कोळसा वाढवला, तर तो अर्धाकच्चा असतानाच कडेपर्यंत पोचतो. आग पूर्ण जोरात असताना कडेला इंच-दीड इंच राखेची पट्टी दिसायला हवी. निखारेच डब्यात पडत असतील तर फीड जास्त झालं. पट्टी जाळीवर खूप मागेपर्यंत पसरली असेल तर फीड कमी आहे, आणि तेवढ्याच वेळी निरोपातला सल्ला बरोबर आहे.

माझ्याकडे दोष हवेत होता. शेगडी गार करून जाळी उचलली, तर निम्मी भोकं बुजलेली आणि खाली कोळशाची भुकटी साचलेली. पंख्याच्या पात्यांवर राखाडी कापसासारखा थर होता, कारण कपडे वाळवायचं यंत्र त्याच तळघरात. तारेने भोकं मोकळी केली, भुकटी उपसली, पाती जुन्या टूथब्रशने घासली आणि स्क्रू दोन आटे मागे घेतला. बाकी काही बदललं नाही, तरी संध्याकाळी जाळीभर निळ्या ज्वाळा नाचत होत्या. आजीची शेगडी मंदावली की ती फुंकणी उचलायची, कोळशाची पाटी नाही. मला हे तळघरात गुडघ्यांवर बसल्यावर आठवलं.

ऑक्टोबरात किंवा एप्रिलात आग विझते त्याचं कारण बहुतेकदा वेगळं असतं. घर गरम असल्याने थर्मोस्टॅट तासन् तास कोळसा मागतच नाही, आणि बाहेर फारशी थंडी नसल्याने चिमणीची ओढही कमी असते. अशा वेळी आग तगवण्यापुरता कोळसा मधूनमधून सरकवणारा टायमर थोडा वाढवायचा. मुख्य फीडला हात लावायचा नाही.

‘कोळसा कुठलाही चालतो’ यावर फार बोलायला नको. घरगुती स्टोकर बहुतेक ‘राइस’ मापाच्या अँथ्रासाइटसाठी बनवलेले असतात (नाव तांदळाचं, पण दाणा तुरीएवढा). मोठे खडे अडकतात, ओला चुरा हॉपरमध्ये घट्ट बसतो आणि खाली उतरतच नाही. बिट्युमिनस, म्हणजे मऊ जातीचा कोळसा तर तापल्यावर मऊ होऊन एकमेकांना चिकटतो, भरपूर धूर सोडतो आणि आग हॉपरकडे मागे सरकण्याचा धोका असतो.

मला खरा राग आहे तो गॅसच्या वाक्याचा. धूर नाही म्हणजे विष नाही, हे कुणी सांगितलं? जाळीवरच्या त्या सुंदर निळ्या ज्वाळा म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइडच. हवा कमी पडली, चिमणीकडे जाणारी नळी तुंबली किंवा गॅस बाहेर फेकणारा पंखा वीज गेल्यावर थांबला, की तो न जळता घरात उतरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या लोकांच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचतो. त्या शेगड्याही धुरकट नसायच्या, नुसत्या रसरशीत निखाऱ्यांच्या असायच्या. तळघरात एक आणि झोपायच्या खोल्यांजवळ एक असे अलार्म हवेतच, बॅटरीवर चालणारे. वाजला तर आधी सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडायचं, शेगडीशी खटपट नंतर.

राहिली चिमणी. लाकडासारखं डांबर अँथ्रासाइट धरत नाही, हे खरं. पण पिठासारखी बारीक राख उडते आणि आडव्या नळीत, कोपरांत बसते. उन्हाळ्यातल्या दमट हवेत त्या राखेतल्या गंधकाचं आम्ल होतं आणि पत्रा आतून खातं. म्हणून हंगाम संपला की लगेच नळ्या उतरवायच्या, पुढच्या थंडीची वाट बघायची नाही. माझ्या सहा फुटी आडव्या नळीतून या मे महिन्यात अर्धी बादली राख निघाली, आणि कोपराला करंगळी जाईल एवढं भोक पडलेलं होतं.