"एक टोपण टाकलं"

कीड-रोगाची औषधं सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांनी बटाट्याचं हिरवंगार शेत करप्याने आठवड्याभरात काळं पडताना पाहिलेलं नसतं. औषध लागतंच. माझं भांडण आहे ते टोपणाशी. किती टाकलं? "एक टोपण." अहो, कुठल्या बाटलीचं?

गणित सोपं आहे. पंपात साधं पाणी मोजून भरा, १० बाय १० मीटरचा तुकडा नेहमीच्या चालीने फवारा आणि किती पाणी संपलं ते बघा. ४ लिटर संपलं तर एकराला साधारण १६० लिटर लागणार. लेबलवर एकरी ८० मिली असेल तर लिटरला अर्धा मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेसात मिली. एवढंसंच? असं वाटतं आणि तिथेच हात सैल सुटतो.

दुसरा घोळ औषध 'बदलण्याचा'. इमिडाक्लोप्रिडने मावा मरेना, म्हणून थायामेथोक्झाम आणलं, मग ॲसिटामिप्रिड. नावं तीन, पण तिन्ही निओनिकोटिनॉइड या एकाच कुळातली; औषध कीड कसं मारतं त्यावरून पाडलेल्या गटांपैकी गट ४ए. किडीच्या मज्जासंस्थेत तिन्ही एकाच जागी घाव घालतात. पहिल्याला पचवलेला मावा तिसऱ्यालाही सहसा दाद देत नाही. बदलायचा तो गट.

सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं तर वारंवार मारूच नयेत. लाल कोळीला खाणारे भक्षक कोळी त्यात आधी मरतात, मग लाल कोळी बेसुमार वाढते आणि कोळीनाशकाचा खर्च वर बसतो. हीच औषधं माशांना अत्यंत विषारी. ओढ्यात पंप विसळणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

"संध्याकाळी फवारलं की मधमाश्या वाचतात" हे अर्धंच खरं. स्पर्शजन्य, म्हणजे अंगाला लागून मारणाऱ्या, आणि लवकर विरणाऱ्या औषधाला ते लागू पडतं. निओनिकोटिनॉइड आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारी; ती परागात आणि मधुरसात उतरतात. माशी सकाळी आली तरी विष फुलात आहेच. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिनचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मधमाश्यांपायीच. फुलोऱ्यात ही औषधं नकोतच.

आणि रिकामी बाटली? पाव भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. मग बाटलीला भोकं पाडा, नाहीतर उद्या तिच्यात कोणीतरी रॉकेल नाहीतर पिण्याचं पाणी भरेल.