गोळ्या बंद करून रिपोर्ट निगेटिव्ह येत नाही

ऑपरेशनआधीच्या एचआयव्ही-हिपॅटायटिस तपासणीबद्दल एक मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तपासणी म्हणजे बिल फुगवायचा धंदा; पॉझिटिव्ह निघालात तर कायद्यानेच ऑपरेशन नाकारतात; म्हणून आजार सांगू नका, आठवडाभर आधी गोळ्या थांबवा, रिपोर्ट निगेटिव्ह येतो. कोथरूडच्या माझ्या मावशीने हे वाचून हिपॅटायटिस बीची टेनोफोव्हिर, म्हणजे यकृतातला विषाणू दाबून ठेवणारी गोळी, खरोखर बंद केली. पित्ताशयाचं ऑपरेशन तोंडावर, आणि गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये उदबत्तीच्या पुड्याखाली! विचारलं तर म्हणते, "अगं, परत पाठवलं तर?" तिला विचारूनच हे लिहितेय.

आधी गोळ्यांचं. हिपॅटायटिस बीच्या नेहमीच्या तपासणीत विषाणूच्या आवरणाचं प्रथिन शोधतात, एचआयव्हीच्या तपासणीत मुख्यतः प्रतिपिंडं. आठवडाभर गोळी सोडल्याने यातलं काहीच रक्तातून जात नाही. उलट दबलेला विषाणू उसळतो. बीचं औषध अचानक सोडलं की यकृताला एकाएकी सूज येऊ शकते, क्वचित यकृत निकामीही होतं. मावशीच्या डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी सुरू करायला लावली आणि यकृताच्या तपासण्या पुन्हा सांगितल्या. आजार लपवणंही तितकंच घातक. एचआयव्हीच्या काही गोळ्यांमुळे भुलीच्या वेळची औषधं शरीरात जास्त रेंगाळतात; भूल देणाऱ्याला ते माहीत नको? हा मेसेज लिहिणारा उद्या कुणाच्या यकृताची जबाबदारी घेणार आहे?

"कायद्याने नाकारतात" हे धडधडीत खोटं. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७चा, १० सप्टेंबर २०१८पासून लागू. कलम ३ प्रमाणे एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, उपचारांसाठी तपासणीची अटही घालता येत नाही. कलम ५ प्रमाणे नीट समजावून संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही. तक्रारीसाठी राज्यात याच कायद्याखालच्या लोकपालाची (तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची) तरतूद आहे. हिपॅटायटिसला मात्र हा कायदा लागू नाही, आणि ही उणीव मला खुपते.

धंद्याबद्दल थोडं मान्य करावं लागतं. कित्येक ठिकाणी भरतीच्या कागदांच्या गठ्ठ्यातच सही घेतात, कशाची ते सांगत नाहीत. काही जण पॉझिटिव्ह पेशंटला "मोठ्या हॉस्पिटलात न्या" म्हणून वाटेला लावतात. मावशी घाबरली ती उगाच नाही. पण म्हणून तपासणी निरुपयोगी ठरत नाही. कित्येकांना हिपॅटायटिस आहे हे पहिल्यांदा तिथेच कळतं, आणि सी तर साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो.

एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे. गोळ्या थांबवण्याआधी मात्र आपल्याच डॉक्टरांना फोन करा.