झेब्र्यांना शिव्या घालायच्या आधी जरा थांबा

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगची फायनल, फेब्रुवारीत संपला, पुढची खरी मॅच सप्टेंबरात. म्हणजे चातुर्मास परवडला, हा चांगला सात महिन्यांचा उपास आहे. आणि उपासाला माणूस जसा दिवसभर फक्त खाण्याबद्दल बोलतो तसं इथे अमेरिकेत लोक ऑफसीझनमध्ये फक्त फुटबॉलबद्दल बोलतात, म्हणजे तो हाताने खेळायचा फुटबॉल, हेल्मेटवाला. विषय दोनच. एक, कुठला क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीमचा मुख्य गडी) भारी. दोन, रेफ्री (काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टामुळे झेब्रे) कसे विकले गेलेत. आमच्या इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा यावरनं रात्री दीड वाजेपर्यंत भांडण चाललं, एक जण ग्रुप सोडून गेला, सकाळी परत ॲड करा म्हणाला. मी तिथे जे टाइप करत होतो ते फार लांबलं म्हणून इथे टाकतोय.

आधीच सांगतो, मी बिल्सचा, म्हणजे बफेलोच्या टीमचा माणूस. रॉचेस्टरला राहतो. न्यूयॉर्क म्हटलं की गावाकडच्यांना वाटतं हा स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशेजारी राहतो, तर तसं नाहीये, तो पुतळा आमच्यापासून गाडीने साडेपाच-सहा तास, बफेलो मात्र सव्वा तास. आणि बिल्सचा फॅन असणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही टीम 1991 ते 1994 सलग चार सुपर बोल खेळली आणि चारही हरली. त्यातला पहिला तर एका पॉइंटने, शेवटच्या किकवर, बॉल उजव्या बांबूच्या बाहेरनं गेला. हे सगळं मी इथे येण्याआधीचं, पण इथे राहायला आलात की हे दुःख तुम्हाला घरभाड्याच्या करारासोबतच मिळतं.

तर 26 जानेवारी 2025. कॅन्सस सिटीला सेमीफायनल म्हणा हवं तर, जिंकला तो सुपर बोलला. चौथ्या क्वार्टरची सुरुवात, आम्ही 22-21 पुढे. चौथा डाउन आणि यार्डापेक्षाही कमी अंतर हवंय. (दहा यार्ड जायला चार चान्स, जमलं की फर्स्ट डाउन म्हणजे नवे चार, चौथ्यात नाही जमलं तर बॉल समोरच्याला, एवढं लक्षात ठेवा, बाकी नियम सोडा.) जॉश अॅलन, आमचा क्वार्टरबॅक, साडेसहा फुटाला एखादा इंच कमी असलेला गडी, बॉल पोटाशी धरून स्वतःच डोकं खाली घालून घुसला. माणसांचा ढिगारा. मग दोन बाजूंनी दोन लाइनवाले रेफ्री धावत आले आणि दोघांचे पाय वेगवेगळ्या जागी! एकाच्या मते झालं, दुसऱ्याच्या मते नाही झालं. शेवटी मागचा पाय धरला गेला. रीप्ले बघितला, पुरेसा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून मैदानावर जे ठरलं तेच कायम. कॅन्सस सिटीच्या चीफ्सनी बॉल घेतला, टचडाउन केला (बॉल शेवटच्या रेषेपार नेला), आणि आम्ही 32-29 हरलो.

माझ्या घरात त्या क्षणी जी भाषा वापरली गेली ती इथे लिहिता येत नाही. बायको म्हणाली, मुलगी बसलीये. मुलगी म्हणाली, आई, बाबा बरोबर बोलतायत.

म्हणजे रेफ्रींवर खार खायचा हक्क कुणाला असेल तर मला आहे. तरीपण मी म्हणतो की आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय.

आता ग्रुपवरचा मुख्य मुद्दा, रेफ्री चीफ्सच्या क्वार्टरबॅकला, माहोम्सला सांभाळतात. पुरावा म्हणून सगळे तीच मॅच काढतात, 18 जानेवारी 2025 ची, ह्यूस्टन टेक्सन्सविरुद्धची. माहोम्स पळत होता, अगदी शेवटच्या क्षणी खाली घसरला, टेक्सन्सचे दोन जण त्याला मारायला आले आणि एकमेकांवरच आपटले, आणि फ्लॅग (फाउलचा रुमाल) कुणावर, तर टेक्सन्सवर. पंधरा यार्ड. टीव्हीवर ट्रॉय एकमन कॉमेंट्री करत होता, जो स्वतः तीन सुपर बोल जिंकलेला क्वार्टरबॅक आहे, तो सुद्धा भडकला. ते चूकच होतं, मी कुठे नाही म्हणतोय. लीगचे कमिशनर गुडेल यांना सुपर बोलच्या आधी पत्रकारांनी हेच विचारलं आणि त्यांनी ते हास्यास्पद म्हणून उडवून लावलं, जे ते करणारच, आणखी काय करतील. पण मग सुपर बोलला काय झालं? समोरच्या फिलाडेल्फिया ईगल्सनी माहोम्सला सहा वेळा पाडला, 40-22 ने धुतलं. रेफ्री जर खिशात होते तर त्या रात्री काय खिसा फाटला होता?

खरं काय आहे सांगू का, तो फ्लॅग माहोम्ससाठी नाहीये. तो फ्लॅग क्वार्टरबॅकच्या जागेसाठी आहे. तिथे उद्या कुणी पण उभा राहिला तरी मिळेल, कारण नियमांचं पुस्तकच गेली वीस वर्षं त्या एका जागेभोवती लिहिलं गेलंय. बघा ना, जानेवारी 2006, सिनसिनाटीचा कार्सन पामर, प्लेऑफमधला (बाद फेरीतला) पहिलाच पास, गुडघा गेला. नियम आला, गुडघ्याखाली धडक नाही. 2008, पहिल्याच मॅचला टॉम ब्रेडीचा गुडघा, अख्खा सीझन गेला. नियम अजून आवळला, जमिनीवर पडलेल्या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या पायावर झेप घ्यायची नाही. 2017 ला ॲरन रॉजर्सची कॉलरबोन मोडली, आणि 2018 ला लीगने फर्मान काढलं की पाडा, पण अंगाचा भार त्याच्यावर टाकू नका.

आता तुम्ही मला सांगा, सव्वाशे किलोचा माणूस पूर्ण वेगात पळत येतो, समोरच्याला हवेत धरतो, आणि त्याने पडता पडता विचार करायचा की माझं वजन कुठे पडेल. 2018 च्याच सप्टेंबरात मायामीचा विल्यम हेज नेमकं हेच करायला गेला, डेरेक कारला पाडताना आपला भार त्याच्यावर पडू नये म्हणून अंग वळवलं आणि स्वतःचा गुडघा फाटला. सीझन संपला त्याचा. त्याच्यासाठी कुठला नियम नाही आला. येणार पण नाही, कारण हेजच्या नावाची जर्सी घालून किती लोक यायचे हो स्टेडियमला?

पैशाचं गणित आहे सगळं. 2025 ला एका टीमला पगारावर खर्च करायची मर्यादा होती 279.2 मिलियन डॉलर. त्यात पन्नासच्या वर खेळाडू बसवायचे. आणि डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट, त्याचं कॉन्ट्रॅक्ट सरासरी वर्षाला 60 मिलियन! आमच्या जॉशला 2025 च्या मार्चमध्ये सहा वर्षांचे 330 दिले, त्यातले 250 गॅरंटी. त्याच मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीला पाच वर्षांचे 265, आणि हा पर्डी 2022 च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) सगळ्यात शेवटचा, 262 वा निवडला गेला होता, म्हणजे लग्नात पंगतीत शेवटच्या पानावर बसलेल्याला अख्खं श्रीखंडाचं पातेलं मिळालं. (मला आवडतो पर्डी, गैरसमज नको.) तर एवढा पैसा ज्या एका माणसावर लावलाय तो माणूस ऑक्टोबरात कुबड्या घेऊन बसला तर मालकाचं, टीव्हीवाल्यांचं, सगळ्यांचंच दिवाळं. म्हणून त्याला काचेच्या भांड्यासारखं गुंडाळून ठेवतात. ते कागद गुंडाळायचं काम रेफ्रीला दिलंय, आणि आपण म्हणतो बघा बघा, रेफ्री त्याला मिठी मारतोय.

आणि हे रेफ्री कोण? सात जणांचं पथक असतं, आणि यातले बहुतेक जण आठवडाभर दुसरी नोकरी-धंदा करतात हे माझ्या ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. वॉल्ट कोलमन, तीस वर्षं रेफ्री, घरचा दुधाचा धंदा. एड होक्युली, ते दंडाचे स्नायू दाखवायला फेमस असलेले, पेशाने वकील. या होक्युलींनी 2008 ला डेन्व्हर-सॅन डिएगो मॅचमध्ये शिट्टी चुकीची वाजवली, जे फंबल (हातातनं निसटलेला बॉल) होतं ते गेलं, सॅन डिएगो एका पॉइंटने हरलं. मग लोकांनी ईमेलवरनं त्यांचा उद्धार केला तर या माणसाने त्या ईमेलना स्वतः उत्तरं लिहिली, चूक झाली म्हणून. मी ऑफिसात माझ्या चुकीला एका ओळीचं उत्तर लिहायला दोन दिवस लावतो.

बरं, हे लोक नसतील तर काय होतं ते पण बघून झालंय. 2012 ला लीगचं आणि रेफ्रींच्या संघटनेचं पैशावरनं वाजलं, लीगने यांना बाहेर ठेवलं आणि बदली रेफ्री आणले. तीन आठवडे तमाशा. मग 24 सप्टेंबर, सिएटल-ग्रीन बे, शेवटच्या प्लेवर रसेल विल्सनने बॉल आकाशात फेकला, दोन टीमच्या दोघांनी तो एकत्र धरला, दोन रेफ्री शेजारी शेजारी उभे राहून एक टचडाउन दाखवतोय आणि दुसरा हात हलवून थांबा म्हणतोय. तो फोटो शोधा, हसून मराल. ग्रीन बेवाले सोडून. दोन दिवसांत लीगने जुन्या रेफ्रींशी समझोता केला. म्हणजे तेव्हा सगळ्या देशाला एकदम आठवलं की अरे हे लोक काहीतरी अवघड काम करत होते.

मशीन आणा म्हणतात लोक. आणलंय की. 2025 च्या सीझनपासून हॉक-आय आलंय, हो तेच, आपल्या डीआरएसवालं. त्याआधी दोन काठ्या आणि एक साखळी घेऊन लोक मैदानात पळत यायचे अंतर मोजायला, 2025 साल उजाडलं तरी, तर आता 8के कॅमेरे मोजतात. ही बातमी आली तेव्हा ग्रुपवर जल्लोष, बघ आता असला अन्याय होणार नाही. अरे बाबांनो नीट वाचा ना! कॅमेरा फक्त मोजणार. बॉल कुठे ठेवायचा ते अजून तोच माणूस डोळ्याने ठरवणार, ढिगाऱ्यात बघून. जॉशच्या त्या प्लेला हे मशीन असतं तरी त्याने मागच्या पायापासूनच मोजलं असतं, फक्त आम्ही हरलो हे जास्त अचूकपणे कळलं असतं.

त्या बाबतीत माझा अनुभव सांगतो. मागच्या वर्षी मुलीच्या फ्लॅग फुटबॉलला पालकांपैकी कुणीतरी लाइनवर उभं रहा म्हणाले, मी उत्साहात हो म्हटलं. नऊ-दहा वर्षांची पोरं. धडक नाही, ढिगारा नाही, कमरेची पट्टी ओढायची बस्स. मी पाच फुटांवर उभा होतो आणि एका पोराची पट्टी रेषेच्या अलीकडे ओढली गेली का पलीकडे ते मला दिसलं नाही. शप्पथ दिसलं नाही. मी हात वर केला, कारण काहीतरी करायला पाहिजे होतं. एका आजोबांनी खुर्चीतनं उठून मला जे काही सुनावलं ना, आणि ते बरोबर होते. गाडीत मुलगी म्हणाली, बाबा तू त्याच्या टीमचा होतास का?

आणि गंमत म्हणजे आमचे लोक नियमांबद्दल स्वतः तरी एका जागी कुठे आहेत. टश पुश, म्हणजे क्वार्टरबॅकला मागनं ढकलून पुढे न्यायचं, ईगल्सची खासियत. 2025 च्या मे मध्ये ते बंद करायला मतदान झालं, 32 पैकी 24 मतं लागतात, 22 पडली, वाचलं. ते बंद करा म्हणणाऱ्यांत आमचे तेव्हाचे कोच मॅकडर्मट पुढे, खेळाडूंना दुखापत होईल म्हणून. आणि तेव्हा ईगल्सच्या खालोखाल ते वापरायचं कोण? आम्ही. उलट ओव्हरटाइमचा नियम घ्या. जानेवारी 2022, आम्ही तीन पॉइंटने पुढे, तेरा सेकंद उरलेले, माहोम्सने तेवढ्यात मॅच बरोबरीत आणली, ओव्हरटाइमला टॉस जिंकला, टचडाउन, खेळ खलास, जॉशच्या हातात बॉलच आला नाही. दोन महिन्यांनी नियम बदलला, प्लेऑफमध्ये दोघांनाही चान्स. आणि 2025 पासून साध्या मॅचेसना पण. म्हणजे आम्ही हरतो आणि बाकीच्यांसाठी नियम सुधारतात, समाजसेवा चालूये.

तर जॉश का माहोम्स का बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक लमार, घाला वाद, मी पण घालेन, 2024 च्या सीझनच्या एमव्हीपीची (सर्वोत्तम खेळाडूची) पहिल्या नंबरची मतं जॉशला 27 आणि लमारला 23 पडली यावर मी एकटा तासभर बोलू शकतो. 2024 च्या सीझनपर्यंत माहोम्सविरुद्ध जॉश साध्या मॅचेसमध्ये चार जिंकला एक हरला, आणि प्लेऑफमध्ये चार पैकी चार हरला, यावर मात्र मी बोलत नाही, पाणी आणायला उठतो. पण त्या चारातली एक आम्ही किक उजवीकडे मारून हरलो, परत उजवीकडे! आणि एकात तेरा सेकंद सांभाळता आले नाहीत. तिथे कुठला झेब्रा होता?

जुलैअखेरीस बिल्सचा ट्रेनिंग कॅम्प आमच्या इथेच, पिट्सफर्डला, सेंट जॉन फिशरच्या मैदानावर. घरापासून बारा मिनिटं. पोरं जॉशच्या सहीसाठी कठड्याला लटकलेली असतात. कॅम्पला लीगचे रेफ्री पण येतात, टीमला नवीन नियम समजावून सांगायला, आणि सराव चालू असताना फ्लॅग टाकत फिरतात. मागच्या वर्षी एक जण पाण्याच्या पिंपापाशी एकटाच उभा होता, टोपी काढून घाम पुसत, साठीचा असेल, सही मागायला चिटपाखरू नाही. मुलीने विचारलं, याची घेऊ का? मी म्हटलं, घे की. त्याला आधी कळेचना की ही आपल्याकडेच बघतेय.

यावर्षी पण जाणार आहोत. आणि मला पक्कं माहितीये की गर्दीतनं कुणीतरी त्यांच्यातल्या एखाद्याला बघून ओरडणार, "अरे फर्स्ट डाउन होता तो!" बहुतेक मराठीतच ओरडेल.