‘ध’ चा ‘मा’ आणि ती फिरणारी चिठ्ठी

गणपती जवळ आले की हा मजकूर फिरायला लागतो. यंदा तो घरच्या गटावर आला आणि भाचीने नववीच्या इतिहास प्रकल्पात फोटोसकट उतरवला, म्हणून हे लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा: राघोबादादांनी, म्हणजे पेशवे नारायणरावांचे काका रघुनाथरावांनी, गारद्यांना (वाड्यावरच्या पगारी शिपायांना) ‘नारायणरावांस धरावे’ अशी चिठ्ठी दिली, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला, आणि तेरा वर्षांच्या पेशव्याचा जीव गेला. पुढे न्यायाधीश रामशास्त्र्यांसमोर आनंदीबाईंनी गुन्हा कबूल केला आणि दादा निर्दोष सुटले. मूळ चिठ्ठी पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, आहे आणि सोबतचा फोटो तिचाच आहे. शिवाय शनिवारवाड्यातून दर अमावास्येला ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते.

सगळ्यात आधी तो फोटो, कारण सगळ्यांचा विश्वास बसतो तो त्याच्यामुळे.

पिवळट कागद, त्यावर ठळक देवनागरीत एक ओळ, दोन शब्दांत नीट मोकळी जागा, शेवटी पूर्णविराम, खाली ‘३० ऑगस्ट १७७३’. यातली एकही गोष्ट त्या काळच्या पुण्यातल्या कागदाची नाही. पेशव्यांच्या दरबारचा रोजचा पत्रव्यवहार मोडी लिपीत चालायचा. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग बोरूने (वेताच्या लेखणीने) त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जातो, हात शक्य तितका न उचलता. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात. कुठे शब्द संपला आणि कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचं. तारीख असली तर ती शकाची आणि तिथीची, किंवा अरबी महिन्याच्या चंद्राची. इंग्रजी महिना घालणारा कारकून त्या वाड्यात तेव्हा नव्हता.

आता खरोखरच मोडीतल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ करायचं ठरवलं तर काय होईल ते पाहा. ‘ध’ हे एक अक्षर आहे आणि ‘मा’ म्हणजे अक्षर अधिक काना. देवनागरीत काना ही शेजारी ठोकून दिलेली उभी रेघ, ती दाटीवाटीने कुठेही बसते. मोडीत काना अक्षरातूनच ओढत नेतात, तो अक्षराच्या वळणाचाच भाग असतो. मागचं ‘स’ आणि पुढचं ‘र’ आधीच लिहून झालेले, मध्ये जागा एका अक्षराची. त्यात दीड-दोन अक्षरांचा ऐवज कोंबायचा.

त्यात कागद आणि शाई. शाई काजळी आणि डिंक घोटून केलेली. ती कागदात फारशी मुरत नाही, वर बसते, त्यामुळे ओल्या फडक्याने टिपली तर बरीचशी निघते, हे मान्य. पण हातकागदाला खळ दिलेली असते आणि तो दगडाने घोटून गुळगुळीत केलेला असतो. ओलं केलं किंवा खरवडलं की तेवढ्या जागेची खळ आणि घोटाई जाते. नंतर त्याच जागी बोरू टेकवला की शाई फुटते, अक्षराच्या कडा पसरतात. जुने कागद हाताळणाऱ्याला अशी जागा उजेडाकडे तिरकी धरली की लगेच दिसते. हे टाळायचं तर चिठ्ठी नव्याने लिहावी लागेल. पण नव्याने लिहिली तर ‘ध’ चा ‘मा’ केला, असं म्हणायला जागाच राहत नाही.

आणि ही चिठ्ठी दफ्तरात आहे म्हणणाऱ्याने एकच गोष्ट सांगावी: कोणता रुमाल (कागद बांधून ठेवलेलं बासन), कोणता कागद? पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसायांनी १९३० च्या दशकात छापले. नारायणरावांच्या खुनावर पिढ्यान् पिढ्या अभ्यासक काम करत आले. ती चिठ्ठी त्यांच्यापैकी कुणीही छापलेली नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? सगळ्यांचा आधार फिरून एकाच ठिकाणी पोचतो, ग्रँट डफकडे. हा कंपनी सरकारचा साताऱ्याचा रेसिडेंट. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापून आला, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. त्याने लिहिलंय की मूळ कागद पुढे रामशास्त्र्यांच्या हाती आला आणि त्यात ‘धरावे’चं ‘मारावे’ केलेलं आढळलं. हे सांगताना तो ठाम आहे. पण बदल कुणी केला या प्रश्नावर त्याची भाषा बदलते. तिथे तो फक्त एवढंच म्हणतो की आनंदीबाईंनी केला असा सार्वत्रिक समज आहे. त्याच्याकडे साक्षीदार नाही, कबुली नाही, हस्ताक्षराची तपासणी नाही. ५३ वर्षांनंतरचा एक समज घेऊन आपण एका बाईला दोनशे वर्षं खुनी म्हणतो आहोत, आणि आता तिच्या नावावर खोटा कबुलीजबाबही चढवतो आहोत.

गंमत म्हणून नव्हे, खरंच त्याच ग्रँट डफचं पुढचं-मागचं पान वाचा. ३० ऑगस्ट १७७३, दुपार. रघुनाथराव एप्रिलपासून शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. काहीतरी शिजतंय याची कुणकुण नारायणरावांना त्या दिवशी लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं आणि हरिपंत आधी जेवायला गेले. थकलेल्या पगाराचा गलका करत गारदी आत घुसले. नारायणराव धावत काकांच्या दालनात गेले आणि त्यांनी काकांना मिठी मारली. रघुनाथरावांनी गारद्यांचा नायक सुमेरसिंग याला, याला सोड, असं सांगितलं. हेही ग्रँट डफच लिहितो, तेव्हा दादांच्या बाजूने एवढं मानायलाच हवं. त्यावर सुमेरसिंगाचं उत्तर असं की स्वतःचा नाश करून घ्यायला मी इथवर आलेलो नाही, त्याला सोडा, नाहीतर तुम्हीही त्याच्यासोबत मराल. काकांनी मिठी सोडवली. रघुनाथरावांचाच चाकर तुळाजी पवार याने पाय धरून ओढलं. चापाजी टिळेकर हा निःशस्त्र सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. दोघांवरही वार झाले.

सुमेरसिंगाचं ते उत्तर पुन्हा वाचा. चिठ्ठीत ‘मारावे’ असं असतं आणि समोर चिठ्ठी देणाराच ‘सोड’ म्हणत असता, तर कुणीही पहिल्याने म्हणेल की तुमच्याच हातचा हुकूम आहे. तो तसं म्हणत नाही, तो स्वतःच्या मानेचं बोलतो. पेशव्यावर हत्यार उपसून झालं होतं. पेशवा जिवंत राहिला तर दुसऱ्या दिवशी गारद्यांची धडगत नव्हती. शस्त्रं घेतलेले, पगार तुंबलेले पलटणवाले वाड्यात घुसवून ‘फक्त धरा’ म्हणण्यात जो धोका होता तो हाच. तो धोका पत्करणाऱ्याचं नाव रघुनाथराव. त्याला अक्षर बदलणारी बायको लागत नाही.

‘दादा निर्दोष ठरले’ हे तर धडधडीत खोटं आहे आणि मजकुरातलं सगळ्यात वाईट वाक्य हेच. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि दोष रघुनाथरावांवर ठेवला. गादीवर बसलेल्या माणसाला तोंडावर सांगितलं की याला देहांताशिवाय प्रायश्चित्त नाही. तुम्ही कारभारावर आहात तोवर पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असं म्हणून ते वाईजवळच्या गावी निघून गेले. ज्या निवाड्यामुळे रामशास्त्र्यांचं नाव आजही घराघरात घेतात, तोच निवाडा हा मजकूर उलटा करून सांगतो. आणि खुनाचा लाभ कुणाला झाला? सातारच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं रघुनाथरावांनी मागवून घेतली.

आनंदीबाईंबद्दल एवढं कबूल करतो की त्या कारभारात लक्ष घालणाऱ्या, हिशेबी आणि महत्त्वाकांक्षी होत्या. नवऱ्याला पेशवाई मिळावी असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांना कटाची अजिबात कल्पना नव्हती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्यांच्यावर संशय तेव्हाही घेतला गेला. पण संशय आणि कबुली यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पुढे बारभाईंच्या, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या, हातात सत्ता होती आणि रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर आनंदीबाई त्यांच्याच नजरेखाली राहिल्या, १७९४ मध्ये वारल्या. इतक्या वर्षांत खुनासाठी त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही. त्यांचाच मुलगा दुसरा बाजीराव. त्याच्या हातून १८१८ ला पेशवाई गेली आणि लोकांच्या मनातला राग आईपर्यंत पोचला असणार, असं मला वाटतं. ग्रँट डफने कानावर आलेलं टिपलं ते नेमक्या त्याच वर्षांत.

बाकीचे मुद्दे पटकन. नारायणराव तेरा वर्षांचे नव्हते. जन्म १० ऑगस्ट १७५५, म्हणजे अठरा पूर्ण होऊन वीस दिवस झाले होते. पत्नी गंगाबाई गरोदर होत्या आणि १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. अमावास्येच्या हाकेबद्दल काय लिहायचं? ज्या दालनात हे घडलं ते १८२८ च्या आगीत जळून गेलं. आज तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत.

‘ध’ चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार खुशाल वापरा, भाषेत तो रुळलेला आहे. प्रकल्पात मात्र फोटो काढून टाकायचा आणि त्या जागी नारायण दरवाज्याचा लावायचा. खुनानंतर नारायणरावांचा देह तिथून बाहेर नेला म्हणून त्याला ते नाव पडलं असं सांगतात, आणि तो दरवाजा आजही जाऊन पाहता येतो.